डोमेन कुणाच्या नावावर?

वसई-विरारमधल्या लहान धंदेवाल्याला वेबसाइट विकायला दोन प्रकारची माणसं येतात. पहिली फोनवर येतात: ४,९९९ रुपयांत डोमेन, होस्टिंग, पाच पानं, लोगो, सगळं, ऑफर आज रात्रीपर्यंतच. दुसरी अंधेरीहून लॅपटॉप घेऊन येतात, परदेशी हॉटेलांच्या साइट्स दाखवतात आणि दीड लाखाचं कोटेशन ठेवून जातात. दोघांच्याही कागदावर एक आकडा नसतो. दुसऱ्या वर्षी किती भरायचे, आणि कुणाला?

याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत एक रुपया सोडू नका. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत, पापडीच्या बाजारात, राजोडी-अर्नाळ्याच्या रिसॉर्टांत वेबसाइटवर जे पैसे बुडतात ते हौसेचे नसतात. मशीनचा हप्ता भागवून, मुलांची फी भरून मागे टाकलेले असतात. म्हणून हा हिशोब जरा खोलात जाऊन मांडतो.

सुरुवात डोमेनपासून, म्हणजे साइटच्या पत्त्यापासून. डॉट इन घेतलं तर वर्षाला साधारण सहाशे ते हजार रुपये, डॉट कॉम हजार ते दीड हजार. पहिल्या वर्षी शंभर-दोनशेतही मिळून जातं, खरा दर दुसऱ्या वर्षी लागतो. साऱ्या खर्चातली ही सगळ्यात छोटी रक्कम, आणि सगळ्यात मोठा फटका इथेच बसतो. रक्कम छोटी म्हणून मालक म्हणतो, "तूच घे रे, बिलात लाव." साइट करणारा पोरगा स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर डोमेन घेतो. त्याच्या मनात काळंबेरं असतंच असं नाही. त्याला तसं सोयीचं पडतं. दोन वर्षांनी त्याला पवईला नोकरी लागते किंवा तो कॅनडाला जातो. नंबर बदलतो. मुदत संपत आल्याचे मेल त्याच्या जुन्या मेलबॉक्सात पडून राहतात. एका सकाळी साइट उघडत नाही.

पुढे काय होतं ते बघा. डॉट कॉमची मुदत संपली की नाव विकणारी कंपनी काही आठवडे थांबते. मग तीस दिवस असे असतात की नाव परत मिळतं, पण मूळ किमतीच्या कितीतरी पट दंड भरून. त्यानंतर पाच दिवस, आणि मग ते नाव जगातला कुणीही उचलू शकतो. या सगळ्या काळात ते सोडवायचा हक्क खातं ज्याचं त्याला. तुमच्याकडे बिल असेल, दुकानाचं लायसन्स असेल, तेच नाव टेम्पोवर रंगवलेलं असेल, बिलबुकावर छापलेलं असेल. डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही कुणीच नाही.

कागद कुणाच्या नावावर आहे ते बघावं, हे या शहराला मी सांगायला नको. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने २०२५च्या फेब्रुवारीपर्यंत पाडल्या. ती जागा सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखून ठेवलेली होती. आयुष्याची कमाई घातलेली कुटुंबं रस्त्यावर आली. घर जाण्याची आणि साइट जाण्याची बरोबरी कुणी करू नये, मीही करत नाही. पण कागद न बघता पैसे मोजायची सवय दोन्हीकडे एकच आहे, आणि त्या सवयीवर जगणारी माणसंही आपल्याकडे कमी नाहीत.

तेव्हा डोमेनचं खातं मालकाच्या नावाने, मालकाच्या मोबाइलवर, मालकाच्या ई-मेलवर उघडा. भाच्याचा मेल नको, मॅनेजरचा नको. हे काम दहा मिनिटांचं आहे, साइट करणाऱ्याला शेजारी बसवून करून घ्या. पैसे एकदम पाच वर्षांचे भरा. दहा वर्षांपर्यंत भरता येतात. ऑटो-रिन्यूअल चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ग्राहकाची आधी नोंदवलेली परवानगी लागते. ज्या परदेशी कंपनीकडे ती सोय नाही तिचं ऑटो-रिन्यूअल आपल्या कार्डावर अडकतं, आणि अडकल्याचं कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

देवनागरीतही पत्ता घेता येतो. डॉट भारत २०१४च्या ऑगस्टपासून सुरू आहे आणि मराठीला तो चालतो. हवा तर जरूर घ्या, पण जोडीला रोमन स्पेलिंगचा असू द्याच, कारण गिऱ्हाईक मोबाइलवर तेच टाइप करतं. स्पेलिंग असं निवडा की गाडीच्या गर्दीत फोनवरून एकदा सांगितलं तरी समोरच्याला लिहून घेता येईल. मध्ये आडवी रेघ, शेवटी आकडा, दोन-दोन ए असले प्रकार नकोत.

दुसरा कागद साइटच्या मालकीचा. तो तर जवळपास कुणीच करत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं. पण बाहेरच्या माणसाला काम दिलं तर लेखी करार होईपर्यंत त्या कामाचा कॉपीराइट त्याचाच राहतो, पैसे तुम्ही पूर्ण दिलेले असले तरी. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना कायद्याने अपवाद केला आहे, ते पैसे देणाऱ्याचे. साइटच्या कोडला तो अपवाद नाही. शिवाय करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि कुठे वापरायचं ते लिहिलं नाही तर फक्त भारत. तेव्हा कोटेशनच्या तळाला दोन ओळी लिहून सही घ्या: पूर्ण पैसे मिळाल्यावर माझ्यासाठी केलेला कोड, डिझाइन आणि मजकूर यांचा कॉपीराइट कायमचा, जगभरासाठी माझा, आणि सगळे पासवर्ड त्याच दिवशी हातात. साइट वर्डप्रेसवर केली असेल तर ती प्रणाली मोफत मिळते, सगळं जग वापरतं. 'वर्डप्रेसचे लायसन्स' म्हणून कोटेशनमध्ये रक्कम लावली असेल तर त्यावर काट मारा. तशीच काट एसएसएलच्या वर्षाला तीन हजारांवर. साइट सुरक्षित दिसण्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं ते लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था दशकभर फुकट देते आहे आणि चांगल्या होस्टिंगमध्ये ते आत बसवलेलंच असतं. प्रमाणपत्र मात्र हवंच; जुलै २०१८पासून क्रोम त्याच्याविना उघडलेल्या साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो.

आता बजेट. समजा आगाशीकडचं एक घर सुकेळी करतं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात दिवसचे दिवस उलटत-पालटत वाळवायची. पाऊस उघडल्याशिवाय हे काम होत नाही. राजेळीच्या बागा कमी होत चालल्या, करणारी घरं त्याहून कमी. मागणी मात्र ठाण्या-पुण्यापासून परदेशात गेलेल्या वसईकरांपर्यंत आहे. याच घरात एप्रिल-मेमध्ये बॉटल मसालाही कुटला जातो असं धरू. अशा घराला साइट हवी का? माझ्या मते हवीच, कारण माल असा आहे की विकत घेणाऱ्याला आधी तो समजावून सांगावा लागतो.

माझा हिशोब असा. डोमेन ८००. होस्टिंग पहिल्या वर्षी ३,०००. पाच पानांची साधी साइट, स्थानिक मुलाकडून, १५,०००. एका दिवसाची फोटोग्राफी ६,०००. मराठी आणि इंग्रजी मजकूर नीट लिहून घ्यायचे ४,०००. झाले २८,८००. साइट, फोटो, मजकूर करणारे जीएसटीत नोंदलेले असतील तर त्या २५ हजारांवर १८ टक्के, म्हणजे आणखी साडेचार हजार. हे घर स्वतः जीएसटीत नाही, कारण माल राज्यातच विकला आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी लागत नाही. पण मग हे साडेचार हजार परतही मिळत नाहीत. वालीवचा नोंदणी केलेला गाळेवाला तेच पैसे क्रेडिट म्हणून वळते करून घेतो. कोटेशनमध्ये 'जीएसटी एक्स्ट्रा' ही बारीक ओळ असते, ती दोघांसाठी सारखी नसते.

म्हणजे पहिलं वर्ष तेहतीस-चौतीस हजार. दुसऱ्या वर्षापासून डोमेन ८००, होस्टिंग ४,०००, देखभाल ४,०००. नऊ हजारांच्या आसपास. तीन वर्षांचे मिळून पन्नास-बावन्न हजार. तुलना करायची तर या आकड्याशी करा. ४,९९९वाल्यालाही तीन वर्षांचा आकडा लेखी विचारा, दीड लाखवाल्यालाही. जो देत नाही त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वर्षाचे नऊ हजार म्हणजे दिवसाला पंचवीस रुपये. आपल्याकडे छोटा दुकानदार पिग्मी भरतच असतो. त्यातले पंचवीस साइटच्या नावाने वेगळे धरा. मार्चमध्ये बिल आलं की ऐनवेळी उधारी नको. साइटसाठी कर्ज तर अजिबात काढू नका. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात, ते मशीनला, कच्च्या मालाला वापरा.

या हिशोबात फोटो आणि मजकुराला दहा हजार बघून भुवया वर जातील. साइट करणाराही म्हणेल, "फोटो मोबाइलवर काढून पाठवा ना, मजकूर एआयकडून घेतो." हीच ती जागा जिथे साइट मरते. एक साइट जवळून बघा. गाळा वालीवचा. आत सीएनसी चालते, मोल्डिंग चालतं, मालकाने वीस वर्षं हात काळे केलेले आहेत. साइटच्या पहिल्या पानावर टाय लावलेले दोन गोरे साहेब काचेच्या इमारतीत हात मिळवतात. खाली इंग्रजीत लिहिलंय की आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही आणि ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय. मशीन किती, बेड केवढा, मायक्रॉनमध्ये काम किती काटेकोर होतं, कुठला धातू चालतो, महिन्याला किती नग निघतात, टेस्ट सर्टिफिकेट देता का, वसई फाट्यावरून ट्रेलर आत येतो का: यातलं एक अक्षर नाही. चाकणचा परचेसवाला दहा सेकंदांत पुढच्या साइटवर जातो. गेलाच पाहिजे; त्याला विचारायचं होतं ते कुणी लिहिलंच नव्हतं.

हे लिहायला कुठलीही एजन्सी उपयोगाची नाही. ते मालकाला पाठ असतं. दोन संध्याकाळी बसा, फोनवर येणारे सगळे प्रश्न वहीत उतरवा, उत्तरं समोर लिहा. तीच साइट. मग लिहिणाऱ्याने भाषा साफ करायची, एवढंच त्याचं काम. फोटो तुमच्याच मशीनचे असू द्या, जमिनीवर ऑईलचा डाग असला तरी चालेल. सुकेळीच्या घराने वाळत घातलेल्या केळ्यांचा, हाताने पान बांधतानाचा फोटो द्यावा. तो दुसऱ्या कुणाकडे नसतो.

एक तांत्रिक गोष्ट पैसे देण्याआधी तपासा. मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. साइट करणाऱ्याने तो तसाच चढवला तर पान उघडायला मिनिट लागतं. तो दीड-दोनशे केबीवर आणता येतो, डोळ्याला फरक कळत नाही. तपासायची जागा ऑफिसातलं वायफाय नव्हे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये, नेट रडतंय अशा जागी साइट उघडून बघा. तुमचं गिऱ्हाईक तिथेच उभं आहे.

आणि मराठी. वसईतल्या मराठी माणसाची, मराठी गिऱ्हाइकासाठी केलेली साइट सरसकट इंग्रजीत असते, ही गोष्ट मला मनापासून खटकते. गाळेवाल्याचं समजू शकतो, त्याचा माल राजकोटला, चेन्नईला जातो. पण केटरर? लग्नाचा बँड? क्लासवाले सर? डेंटिस्ट? त्यांच्याकडे येणारी आई फोनवर मराठीत बोलते, व्हॉट्सअॅपवर मराठीत लिहिते, आणि साइटवर तिला 'अवर व्हिजन' वाचायला लागतं. विचारलं की साइट करणारा मराठीचे जादा पैसे सांगतो. मजकूर लिहिण्याचे जादा द्यावेत, ते काम आहे. फॉन्टचे कशाला? मुक्त, बलू हे मुंबईच्या एक टाइपने घडवलेले सुंदर देवनागरी फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. फक्त एक अडचण खरी आहे. स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडे तुमच्या पत्रकाचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडलेला असतो. तो कॉपी करून साइटवर टाकला की अक्षरांचा चिखल होतो. युनिकोडमध्ये बदलून, मग पुन्हा एकदा डोळ्याखालून घालून वापरावा लागतो, कारण रफार आणि जोडाक्षरं बदलताना हमखास मार खातात. आपल्या आडनावातला रफार चुकलेली साइट मी लोकांना निमूटपणे वापरताना पाहिली आहे. नका वापरू. दुरुस्त करून घ्या, पैसे तुम्ही दिले आहेत.

रिसॉर्टवाल्यांना मात्र वेगळाच प्रश्न असतो. राजोडी, कळंब, अर्नाळ्याकडे शनिवारचा दर वेगळा, मधल्या वाराचा वेगळा, एकतीस डिसेंबरचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. दर बदलायला दर वेळी पाचशे रुपये आणि चार दिवस लागत असतील तर मालक ते बदलतच नाही. साइटवर तीन वर्षांपूर्वीचा दर राहतो, बोरिवलीहून आलेलं कुटुंब तो मोबाइलवर दाखवतं, आणि गेटवर भांडण. म्हणून करारात लिहा: दर, फोटो, फोन नंबर मालकाला स्वतः बदलता आले पाहिजेत, आणि ते कसं बदलायचं हे मालकाला आणि काउंटरवरच्या एका माणसाला अर्धा तास बसून शिकवायचं. हा अर्धा तास अॅनिमेशनपेक्षा जास्त मोलाचा आहे. सरकणारे बॅनर, उडणारे आकडे, आपोआप वाजणारं संगीत यांना बजेटमध्ये शून्य.

कार्ट आणि ऑनलाइन पेमेंटलाही सुरुवातीला शून्यच ठेवा. कार्ट आली की पेमेंट गेटवे येतं, ते साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी कापतं. शिवाय २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता, परतीचे नियम, तक्रार कुणाकडे करायची हे सगळं मांडावं लागतं. ते मांडायलाच हवं, पण सीझनला दोनशे डबे विकणाऱ्या घराने पहिल्याच वर्षी एवढा पसारा कशाला घालायचा? साइटवर व्हॉट्सअॅपचं बटन द्या. पैसे यूपीआयने घ्या. १ जानेवारी २०२०पासून दुकानदाराला त्यावर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागची कपात, लागत नाही. ऑर्डरी हाताबाहेर जायला लागल्या की कार्ट बसवा.

काहींना साइट नकोच. स्टेशनबाहेरचा वडापाव, पापडीच्या बाजारात बसणारी भाजीवाली मावशी, एका सोसायटीपुरते कपडे शिवणाऱ्या ताई. यांना कुणी साइट विकत असेल तर तो त्यांना लुटतो आहे. त्यांचं काम व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगवर आणि गूगल मॅपवरच्या नोंदीवर भागतं, दोन्ही फुकट. मॅपवरची नोंद तर साइट असणाऱ्यांनीही आधी करावी. वेळ, फोन, पाच खरे फोटो टाका, रिव्ह्यूंना उत्तरं द्या. "गूगलवर पहिल्या नंबरला आणतो" म्हणून महिन्याला पाच हजार मागणारे फोन येतील. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलं आहे. तो फोन ठेवून द्या. तसाच उद्यमचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणून दीड-दोन हजार मागणारा. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे.

मग सगळंच फुकटात का करू नये, असं विचारतात. कारण फुकटाची जागा दुसऱ्याच्या मर्जीवर असते. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर फुकट साइट करून मिळायची. लाखो दुकानदारांप्रमाणे आपल्याकडच्या लोकांनीही केल्या, व्हिजिटिंग कार्डावर छापल्या. मार्च २०२४मध्ये गूगलने त्या बंद केल्या. टिकटॉकवर धंदा उभा केलेल्यांचं दुकान २९ जून २०२०ला एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम काही तास बंद पडलं तेव्हा फक्त इन्स्टावर केक विकणाऱ्यांना स्वतःच्या गिऱ्हाइकांचे नंबरसुद्धा हाताशी नव्हते. ही माध्यमं वापरावीतच, गर्दी तिथे आहे. पण धंद्याचा कायमचा पत्ता आणि गिऱ्हाइकांची यादी स्वतःकडे असावी, म्हणून हे वर्षाचे नऊ हजार. गाळेवाल्यांनी त्याच पत्त्यावरचा ई-मेलही घ्यावा. माणशी महिन्याला शंभर-दोनशेपासून मिळतो. जीमेलवरून आलेलं कोटेशन परचेसच्या टेबलावर खालीच जातं.

साइट करणाऱ्या मुलांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ती आपलीच आहेत, नालासोपारा-विरारचीच, आणि पंधरा हजारांच्या कामात त्यांना जो छळ होतो तो मी बघतो. मालक मजकूर तीन महिने देत नाही. मग मेहुण्याला दाखवतो, मेहुणा रंग बदलायला सांगतो. लोगो मोठा करा, अजून मोठा करा. शेवटचे पाच हजार दिवाळीनंतर, मग शिमग्यानंतर. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे कराराच्या मुदतीत, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. गाळेवाले मोठ्या कंपन्यांकडून पैसे वसूल करताना याच कायद्याचा हवाला देतात. मग तोच नियम या मुलाला का नाही? चाळीस टक्के आधी, चाळीस डिझाइन पसंत पडल्यावर, वीस टक्के पासवर्ड हातात आल्यावर. बदल किती वेळा, तेही आधीच लिहा. दोनदा पुरे. ज्याचे पैसे बुडवले तो मुलगा पुढच्या वर्षी तुमची साइट हॅक झाली तर फोन उचलणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल.

वेळेचंही बजेट असतं. नाताळची ऑर्डर धरायची असेल तर साइटचं काम ऑगस्टमध्ये सुरू करा. गूगलला नवी साइट ओळखायला वेळ लागतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चढवलेली साइट त्या नाताळला शोधात दिसेल याची खात्री नाही. सुकेळी आणि मसाला सीझनचा माल आहे, तेव्हा फोटोही त्या-त्या सीझनमध्येच काढून ठेवावे लागतात. जुलैमध्ये वाळत घातलेल्या केळ्यांचा फोटो कुठून आणणार?

ज्यांची साइट आधीच आहे त्यांनी आज एक काम करावं. इंटरनेटवर 'हूइज' शोधा, तिथे आपलं डोमेन टाका. मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असेल, पण कुठल्या कंपनीकडून घेतलं ती कंपनी आणि मुदत संपायची तारीख दिसेल. त्या कंपनीच्या साइटवर तुम्हाला स्वतःच्या पासवर्डने आत जाता येतं का ते बघा. जाता येत नसेल तर साइट करणाऱ्याला फोन करा, गोडीगुलाबीने बोला आणि डोमेन तुमच्या खात्यावर वळतं करून घ्या. एकाच कंपनीत खातं बदलायचं असेल तर सहसा पैसे लागत नाहीत. त्याला तासाभराचा मेहनताना द्या. आणि तारीख ऐन सीझनमध्ये येत असेल तर मुदतीची वाट न बघता याच आठवड्यात पाच वर्षांचे भरून टाका.